जनसंपर्काचा आराखडा: ध्येय आणि उद्दिष्टं ठरवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नगरपरिषद असो, साखर कारखाना, पतसंस्था, रुग्णालय किंवा महाविद्यालय, जनसंपर्काचं काम पाहणाऱ्या माणसाकडे वर्षाच्या सुरुवातीला आराखडा मागितला जातो. बहुतेक आराखडे लगेच कामांच्या यादीवर येतात: पत्रकार परिषदा, प्रेसनोट, रील, बॅनर, मेळावा. या कामांमुळे कोणामध्ये कोणता बदल व्हायला हवा, हे लिहायचं राहून जातं. खालचे प्रश्न त्या राहून गेलेल्या भागाविषयी आहेत.

उत्तरं हवेत राहू नयेत म्हणून बहुतेक ठिकाणी एकच उदाहरण घेतलं आहे: तालुक्याच्या गावातली एक रक्तपेढी. ही रक्तपेढी आणि तिचे आकडे कल्पित आहेत, रक्तदानाचे नियम मात्र खरे आहेत.

ध्येय आणि उद्दिष्ट यांत फरक काय?

'तालुक्यातल्या रुग्णाच्या नातेवाइकांना रक्तासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी धावावं लागू नये' हे ध्येय. त्यात आकडा नाही, तारीख नाही, आणि नसली तरी चालते. ते पाच-दहा वर्षं तसंच राहू शकतं.

'येत्या एप्रिल-मेमध्ये जुन्या रक्तदात्यांपैकी पुन्हा रक्त देणाऱ्यांचं प्रमाण १२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेणे' हे उद्दिष्ट. ३१ मे उलटला की ते साधलं की नाही, हे कोणालाही रजिस्टर उघडून सांगता येईल. उद्दिष्ट साधण्याचा मार्ग म्हणजे धोरण: नवे दाते शोधण्याऐवजी जुन्यांनाच पुन्हा बोलावायचं. त्या मार्गावरची एकेक गोष्ट, म्हणजे फोन, पत्र, व्हॉट्सॲप संदेश, ही कृती. आराखडा वाचताना मी आधी 'उद्दिष्टं' या मथळ्याखाली कृती तर लिहिलेल्या नाहीत ना, हे पाहतो. 'महिन्याला चार प्रेसनोट काढणे' हे उद्दिष्ट म्हणून लिहिलेलं सर्रास सापडतं.

सुरुवात कुठून करायची? संस्थेच्या ध्येयापासून की लोकांच्या मतापासून?

संस्थेला यंदा काय साधायचं आहे, तिथून. जनसंपर्क विभागाचं ध्येय स्वतंत्र उगवत नाही. पतसंस्थेला ठेवी वाढवायच्या असतील, तर ठेवीदारांचा विश्वास हा तुमचा विषय. नगरपरिषदेला ओला-सुका कचरा वेगळा हवा असेल, तर घरोघरची सवय हा तुमचा विषय. म्हणून पहिली भेट वरिष्ठांची घ्या आणि त्यांना थेट विचारा: 'वर्षअखेरीला कोणती अडचण सुटलेली पाहायची आहे?'

त्यानंतर मात्र लगेच लोकांकडे जायचं. जनसंपर्काचे अमेरिकी अभ्यासक जॉन मार्स्टन यांनी १९६३ मध्ये जनसंपर्काच्या कामाचे चार टप्पे मांडले: संशोधन, कृती, संवाद आणि मूल्यमापन. संशोधन त्यांनी पहिल्या जागी ठेवलं आणि संवादाच्याही आधी कृती. आधी परिस्थिती समजून घ्या, स्वतःच्या कारभारात बदल करायचा असेल तो करा, मग बोला. हा क्रम मला आजही सगळ्यात भरवशाचा वाटतो.

संशोधन केल्याने उद्दिष्ट खरंच बदलतं का?

कधी कधी पार उलटं होतं. आमच्या रक्तपेढीचंच घ्या. पहिल्या बैठकीत सगळे म्हणतील, 'रक्तदाते वाढवायचे.' ऐकायला बरोबर वाटतं. आता रजिस्टर उघडा आणि महिन्यावार बेरीज करा.

जानेवारी-फेब्रुवारीत भरपूर पिशव्या. २६ जानेवारीची शिबिरं, १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची शिबिरं, मध्ये एखाद्या नेत्याचा वाढदिवस. पुढे गणपतीतही तसंच. एप्रिल-मे मात्र कोरडे: परीक्षा, सुट्ट्या, लग्नसराई, ऊन. आणि रक्त फार दिवस साठवून ठेवता येत नाही. तांबड्या पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट फक्त ५ दिवस. फेब्रुवारीत एका दिवसात जमलेलं रक्त मेच्या शेवटी कोणाच्या कामी येणार नाही.

आणखी एक नियम पाहा. पुरुषाला एकदा रक्त दिल्यावर ९० दिवस थांबावं लागतं, स्त्रीला १२० दिवस. म्हणजे १९ फेब्रुवारीला रक्त दिलेला तरुण २० मेपर्यंत पुन्हा देऊ शकत नाही, आणि त्याच दिवशी दिलेली तरुणी जूनच्या १९ तारखेपर्यंत. जितक्या उत्साहाने शिवजयंतीला शिबिर भरतं, तितके हक्काचे दाते उन्हाळ्यात बाद होतात. 'दाते वाढवा' हे उद्दिष्ट घेऊन आणखी जोरात शिवजयंती साजरी केली असती, तर तुटवडा जसाच्या तसा राहिला असता आणि अहवालात मात्र यश दिसलं असतं.

खरी गरज दाते वर्षभर विभागण्याची आहे. हे कळायला सर्वेक्षण लागलं नाही, जुनं रजिस्टर आणि दोन तासांचा वेळ पुरला.

चांगल्या उद्दिष्टात काय काय असायला हवं?

कोण, काय, किती आणि कधीपर्यंत. कोणत्या लोकांमध्ये, कोणता बदल, आजच्या आकड्यावरून कोणत्या आकड्यावर, कोणत्या तारखेपर्यंत. यातलं एक जरी गळलं तरी शेवटी वाद होतो.

'स्मार्ट' ही उद्दिष्ट तपासण्याची पाच इंग्रजी अक्षरांची कसोटी बहुतेकांना पाठ असते. व्यवस्थापन सल्लागार जॉर्ज डोरन यांनी ती १९८१ मध्ये मांडली तेव्हा त्यातल्या 'ए' या अक्षराचा अर्थ 'हे कोण करणार ते ठरवलेलं असावं' असा होता. पुढे त्या जागी 'साध्य होण्याजोगं' हा अर्थ रूढ झाला आणि जबाबदारीचा मुद्दा निसटला. तो परत आणावा असं मला मनापासून वाटतं. उद्दिष्टासमोर एका माणसाचं पदनाम लिहा. 'जनसंपर्क विभाग' असं लिहिलं की ते कोणाचंच राहत नाही.

'जनजागृती करणे' असं लिहिलं तर चालेल का?

नाही. कशाबद्दल जागृती, कोणाची, आणि झाली हे कसं कळणार?

लोकांमधला बदल तीन पातळ्यांवर होतो, हे लक्षात ठेवलं की या शब्दातून बाहेर पडता येतं. पहिली माहितीची, दुसरी मताची किंवा भावनेची, तिसरी वागणुकीची. प्रत्येकीचं उद्दिष्ट वेगळं लिहावं लागतं.

रक्तपेढीत नेहमी ऐकू येणारी तक्रार घ्या: 'आम्ही रक्त फुकट दिलं, तुम्ही पैसे का घेता?' आपल्याकडे रक्ताची विक्री होत नाही. पैसे देऊन रक्तदाते आणण्यावर १ जानेवारी १९९८ पासून देशभर बंदी आहे. घेतलं जातं ते प्रक्रिया शुल्क. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस हा गुप्तरोग आणि मलेरिया अशी पाच आजारांसाठी तपासणी सक्तीची आहे, शिवाय पिशवी, साठवण, घटक वेगळे करणं हा खर्च आहेच. ही गोष्ट दात्यांना ठाऊक नसेल, तर अडचण माहितीची आहे. 'शिबिरात आलेल्यांपैकी शुल्क कशाचं हे बरोबर सांगू शकणाऱ्यांचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर नेणे' असं उद्दिष्ट लिहा. चहा-बिस्किटांच्या टेबलावर एकच प्रश्न विचारून ते मोजता येतं.

कारण माहीत असूनही 'ही मंडळी मध्ये पैसे खातात' असंच दात्यांना वाटत असेल, तर अडचण मताची आहे. तिथे पत्रक कामाचं नाही. शुल्काचा दरफलक दारात लावा, वर्षाचा हिशेब जाहीर करा. आणि विश्वास असूनही माणूस येत नसेल, तर वेळ, अंतर, उन्हाची भीती अशा गोष्टी शोधा. पातळी चुकली की पैसा आणि मेहनत दोन्ही वाया जातात.

किती बातम्या छापून आल्या, हे उद्दिष्ट का नसावं? वरिष्ठ तर तेच विचारतात.

बातमी छापून येणं हे तुमच्या कामाचं उत्पादन आहे. ती वाचली का, समजली का, आणि वाचून कोणी वेगळं वागलं का, हे परिणाम आहेत. उत्पादनाची नोंद जरूर ठेवा, कारण काम झालं की नाही हे त्यावरून कळतं. पण तिला उद्दिष्टाच्या जागी बसवू नका.

कात्रणांची लांबी-रुंदी मोजून, कॉलम सेंटिमीटरला जाहिरातीचा दर लावून 'एवढ्या लाखांची प्रसिद्धी मिळाली' असं लिहिण्याची पद्धत अजून अनेक कार्यालयांत चालते. २०१० साली बार्सिलोनात जनसंपर्काचं मोजमाप करणाऱ्या जगभरच्या संस्थांनी सात तत्त्वं मान्य केली. त्यातलं पहिलंच ध्येयनिश्चिती आणि मोजमापाच्या महत्त्वाविषयी आहे. जाहिरातीच्या दराने काढलेली किंमत म्हणजे जनसंपर्काचं मोल नव्हे, हेही त्यांत स्वच्छ लिहिलं आहे. या मोजणीत संस्थेच्या विरोधात छापून आलेली बातमीसुद्धा 'लाखांची' ठरू शकते, एवढं सांगितलं तरी वरिष्ठांना मुद्दा पटतो. हेच व्ह्यूज आणि लाइक्सनाही लागू आहे. रील दुसऱ्या जिल्ह्यात गाजली, तर तुमच्या तालुक्यातल्या रुग्णाला काही मिळत नाही.

आजचा आकडाच हाताशी नसेल तर?

आधी घरात शोधा. आवक-जावक नोंदवही, तक्रारवही, शिबिराचे फॉर्म, हेल्पलाइनचे कॉल, सभासदांची उपस्थिती. बहुतेक संस्थांकडे आकडे असतात, कोणी बेरीज केलेली नसते.

तरीही नाही मिळाला तर छोटी विचारपूस करा: तीनच प्रश्न, तेच शब्द, वेगवेगळ्या वेळी आलेल्या पन्नास-साठ माणसांना. यातून विद्यापीठाला मान्य होईल असा निष्कर्ष निघणार नाही, पण दिशा कळते, आणि सहा महिन्यांनी तेच प्रश्न तशाच लोकांना विचारून ढोबळ फरक दिसतो. यासाठीही वेळ नसेल, तर पहिल्या तिमाहीचं उद्दिष्टच 'पायाभूत आकडा मिळवणे' असं ठेवा. अंदाजाने टक्के लिहिण्यापेक्षा हे प्रामाणिक आहे.

२० टक्केच का? हा आकडा ठरवायचा कसा?

गरजेकडून मागे या. समजा, एप्रिल आणि मे मिळून ७०० पिशव्या लागतात आणि गेल्या वर्षी ४८० जमल्या. तूट २२० ची. रजिस्टरमध्ये फोन नंबर असलेले जुने दाते २,५००. त्यांपैकी गेल्या एप्रिल-मेमध्ये ३०० आले, म्हणजे १२ टक्के. प्रमाण २० टक्क्यांवर गेलं तर ५०० येतील. तूट २०० ने कमी झाली. उरलेल्या २० पिशव्यांसाठी १ मे रोजी महाराष्ट्र दिनाचं एक शिबिर पुरेल.

मग हाताशी काय आहे ते पाहा. २,५०० फोन करायला किती माणसं, किती दिवस? आलेल्यांपैकी काहींचं हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली निघेल, काहींचं वजन ४५ किलोपेक्षा कमी असेल, ते परत जातील. म्हणून बोलवायचे ५०० पेक्षा जास्त आणि उद्दिष्टात 'येणारे' न लिहिता 'रक्त देणारे' असं लिहायचं. या एका शब्दाने वर्षअखेरीचा वाद टळतो.

'दरवर्षी १० टक्के वाढ' असा आकडा सवयीने टाकू नका. त्यामागे गणित नसेल तर कर्मचारीही तो मनावर घेत नाहीत.

'सर्वसामान्य जनता' हा आपला लोकसमूह म्हणावा का?

नको. ज्यांच्या वागण्याने तुमची अडचण सुटते किंवा वाढते, असे गट शोधा. रक्तपेढीसाठी शिवजयंती मंडळांचे कार्यकर्ते हा गट वर्तमानपत्राच्या सगळ्या वाचकांपेक्षा मोलाचा आहे. पंधरा मंडळं १९ फेब्रुवारीला शिबिर घेत असतील आणि त्यातल्या पाचांनी ते मेमध्ये घ्यायचं ठरवलं, तर चित्र बदलतं. हे दुसरं उद्दिष्ट होऊ शकतं. ते जाहिरातीने साधणार नाही. मंडळाच्या अध्यक्षाकडे जाऊन बसावं लागेल, ९० दिवसांचा नियम कॅलेंडरवर दाखवावा लागेल, आणि जयंतीला रक्तदान करण्यामागची त्यांची भावना खरी आहे हे मान्य करूनच बोलावं लागेल.

मोठ्या मोहिमेतही असंच नेमकं उद्दिष्ट ठेवता येतं का?

पल्स पोलिओ आठवा. १९९५ मध्ये मोहीम सुरू झाली. करंगळीवरची शाई आणि दारावरचा खडूचा शेरा आपल्या सगळ्यांच्या पाहण्यातला आहे. घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना डोस मिळाला की दारावर 'पी', आणि मूल राहून गेलं, घर बंद होतं किंवा नकार मिळाला तर 'एक्स'.

त्या 'एक्स'मध्ये जनसंपर्काचं उद्दिष्ट होतं. देशभर जाहिरात पोचूनही उत्तर प्रदेश आणि बिहारच्या काही भागांत लस नाकारली जात होती. तिथे प्रश्न माहितीचा राहिला नव्हता, तो अविश्वासाचा होता. म्हणून त्याच वस्त्यांमधल्या स्त्रियांना घरोघर बोलायला नेमलं गेलं, स्थानिक धर्मगुरू आणि डॉक्टर सोबत आले. प्रत्येक फेरीनंतर किती 'एक्स' घरं 'पी' झाली हे गल्लीनिहाय मोजता येत होतं. देशात २००९ मध्ये पोलिओचे ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

हे सगळं श्रेय संवादाचं म्हणता येणार नाही. २०१० मध्ये अधिक परिणामकारक द्विसंयुजी, म्हणजे दोन प्रकारच्या पोलिओ विषाणूंवर चालणारी, लस वापरात आली, लाखो लसीकरण कर्मचारी राबले. पण संवादाच्या वाट्याचं काम काय होतं आणि ते झालं का, हे दारावरच्या खडूने रोज सांगितलं.

जनसंपर्काच्या हाती नसलेल्या गोष्टींची जबाबदारी घ्यावी का?

त्यांचा उल्लेख करा, पण त्या स्वतःच्या नावावर घेऊ नका. पगारदार माणसाला कामाच्या दिवशी येणं जमत नाही आणि रक्तपेढी रविवारी दाते घेत नाही, तर कितीही फोन करून प्रमाण वाढणार नाही. तिथे वेळ बदलण्याची शिफारस करणं हे तुमचं काम. उद्दिष्टाखाली एक ओळ लिहा: 'रविवारी सकाळी ९ ते १ रक्त संकलन सुरू राहील, हे गृहीत धरून.' पुढे कोणी जाब विचारला, तर ही ओळ कामी येते.

उद्दिष्टं किती असावीत?

दोन किंवा तीन. छोट्या विभागात एकही पुरतं.

मुदत ठरवताना काय पाहावं?

लोकांचं कॅलेंडर. बारावी-दहावीच्या परीक्षा, वारी, गणपती, दिवाळी, ऊसतोडीचा हंगाम. शासकीय किंवा निमशासकीय संस्था असेल तर निवडणुकांची आचारसंहिताही, कारण त्या काळात नव्या योजनांच्या घोषणा आणि सरकारी खर्चातून होणारी प्रसिद्धी यांवर बंधनं येतात. माहिती पोचायला काही आठवडे पुरतात, मत बदलायला महिने जातात, सवय बदलायला बहुधा वर्षाहून जास्त. तीन महिन्यांत 'प्रतिमा सुधारणे' असं लिहून देऊ नका.

'ही बातमी बाहेर येऊ नये' असं उद्दिष्ट वरून आलं तर?

लेखी स्वीकारू नका, तोंडीही नको. खोटी किंवा अर्धवट बातमी दुरुस्त करून घेणं हे रास्त काम आहे. घडलेली गोष्ट झाकणं हे जनसंपर्काचं काम नाही, आणि ती उघडी पडली की वर्षांची मेहनत एका दिवसात जाते. त्याऐवजी संकटकाळासाठी वेगळं उद्दिष्ट आधीच लिहून ठेवा: घटना घडल्यापासून दोन तासांत पहिलं अधिकृत निवेदन, बाधित कुटुंबांशी माध्यमांच्या आधी संपर्क, आणि दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळी माहिती. गोंधळात नवं उद्दिष्ट सुचत नाही, त्यामुळे शांततेच्या काळातच वरिष्ठांची मान्यता घेऊन ठेवा.

वर्षाच्या मध्येच उद्दिष्ट बदललं तर ते अपयश मानायचं का?

कारण लिहून बदललं तर मुळीच नाही. पूर आला, नवा कायदा आला, गृहीत धरलेली गोष्ट घडली नाही, तर बदलावंच लागतं. जुना आकडा खोडू नका, त्याच्या शेजारी नवा लिहा, तारीख टाका, आणि कोणी मान्यता दिली ते नोंदवा. आकडा गाठता येत नाही एवढ्याच कारणाने तो खाली आणायचा असेल, तर मात्र थांबा. १२ वरून २० ऐवजी १६ टक्क्यांवर पोचलात, तर १६ असंच लिहा आणि न आलेल्यांपैकी काही जणांना फोन करून कारण विचारा. पुढच्या वर्षीच्या आराखड्यातलं संशोधन तिथूनच सुरू होतं.

आराखड्यात हे सगळं किती पानांत मांडायचं?

ध्येय आणि उद्दिष्टं एका पानात बसवा. वर संस्थेचं ध्येय एका वाक्यात. खाली प्रत्येक उद्दिष्टासाठी लोकसमूह, आजचा आकडा आणि तो कुठून घेतला, गाठायचा आकडा, तारीख, जबाबदार पद, मोजण्याची रीत, आणि काय गृहीत धरलं आहे. त्यावर वरिष्ठांची सही घ्या, मगच कामांची यादी आणि खर्चाचा तक्ता जोडा. बैठकीत कोणी नवा कार्यक्रम सुचवला तर हे पान पुढे ठेवा आणि तो कोणत्या उद्दिष्टासाठी आहे ते विचारा. उत्तर मिळालं तर कार्यक्रम यादीत घाला, नाही मिळालं तर पुढच्या बैठकीपर्यंत बाजूला ठेवा.